पहिलं सहज राहिलं, मग दुसऱ्याला इतका वेळ का?

पत्र :

‘माझं वय ३६, मिस्टरांचं ४०. ते शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत भट्टीवर आहेत, आठवड्याआड रात्रपाळी असते. मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या वेळी तिसऱ्याच महिन्यात दिवस राहिले होते. सिझर झालं. दुसऱ्यासाठी दोन वर्षं झाली प्रयत्न करतोय, काहीच नाही. पाळी ३०-३२ दिवसांनी वेळेवर येते. पण सिझरनंतर एक फरक पडलाय. तीन दिवस नीट जाते, मग चार-पाच दिवस तपकिरी डाग लागत राहतात. डॉक्टरांनी पाच महिने बीज वाढायच्या गोळ्या दिल्या, सोनोग्राफी एकदाच झाली. मिस्टरांना तपासणीला चला म्हटलं की म्हणतात, “पहिलं कुणाचं आहे मग?” सासूबाई म्हणतात, एक झालंय ना, होईल दुसरं, आणि आता मुलगाच होऊ दे. धाकट्या जावेला पाचवा लागलाय, लवकरच तिचं डोहाळजेवण. मला रडू येतं आणि रडले की वाटतं, पदरात एक असताना मी कशाला रडतेय. कुणी म्हणतं सरोगसी करा. काय करू?’
– एक आई, कोल्हापूर

उत्तर :

ताई, ‘पहिलं कुणाचं आहे मग’ या एका प्रश्नात तुमची दोन वर्षं गेली आहेत. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो, आणि ते मिस्टरांनाही वाचायला द्या.

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. म्हणजे दर अडीच-तीन महिन्यांनी सगळा माल नवा असतो. आठ वर्षांपूर्वीच्या शुक्राणूंवरून आजच्यांबद्दल काहीही कळत नाही. बाईचं उलट असतं. तिची बीजं जन्मापासूनचीच असतात, ती तिच्याबरोबर वयात येतात आणि तिच्याबरोबर म्हातारी होतात. अठ्ठाविसाव्या वर्षी तिसऱ्या महिन्यात दिवस राहिले म्हणून छत्तिसाव्या वर्षीही तसंच होईल, असं नसतं. पस्तिशीनंतर उतार जास्त वेगाने लागतो. तेव्हा पहिलं मूल हा तुमच्यापैकी कुणाच्याही आजच्या तब्येतीचा दाखला नाही. उलट त्या बाळंतपणाने शरीरात काय बदललं, हे आधी पाहायचं.

पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांची तपासणी एकदमच सुरू करायची, अशी डॉक्टरी रीत आहे. चाळिशीनंतर तर थांबायचंच नाही. पहिलं मूल असलं तरी हे हिशेब बदलत नाहीत. बदलते ती घरच्यांची आणि कधीकधी डॉक्टरांचीही घाई : ‘एक झालंय ना’ म्हणून सगळेच निवांत असतात.

आता गोळ्या. क्लोमिफिन किंवा लेट्रोझोल या गोळ्या मुख्यतः ज्यांची बीजं फुटतच नाहीत त्यांच्यासाठी आहेत, म्हणजे पीसीओएस या हार्मोनच्या बिघाडामुळे पाळी दोन-दोन महिने लांबते अशांसाठी. तुमची पाळी ३०-३२ दिवसांनी नियमित येते, म्हणजे बीज बहुधा दर महिन्याला फुटतंय. फुटणारं बीज गोळीने जास्त फुटत नाही. नवऱ्याची तपासणी नाही, नळ्या पाहिलेल्या नाहीत आणि फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात वाढतं तो फुगा, किती वाढलं हे सोनोग्राफीवर मोजलेलं नाही, अशा वेळी गोळ्या चालू ठेवणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. सहावा महिना सुरू करू नका. मागचे कागद मात्र सांभाळा. कुठली गोळी, किती मिलिग्रॅमची, पाळीच्या कितव्या दिवशी सुरू केली, हे पुढच्या डॉक्टरला लागेल.

तुमच्या पत्रातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तपकिरी डागांची आहे. सिझरचा छेद गर्भपिशवीच्या खालच्या भागात घेतात. तो भरताना कधीकधी आतल्या बाजूने पूर्ण जुळत नाही, तिथे खाच राहते. पाळीचं रक्त त्या खाचेत साठतं आणि नंतर चार-सहा दिवस जुनं, तपकिरी होऊन थोडं थोडं बाहेर येतं. नुसते डाग असते तर त्रासापुरतं ठीक होतं. पण हे साठलेलं पाणी काही जणींत वर पिशवीच्या पोकळीतही शिरतं. मग शुक्राणूंना वाट अवघड होते आणि गर्भाला रुजायलाही. साध्या, पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ही खाच हमखास निसटते. त्यासाठी योनीमार्गे सोनोग्राफी हवी, तीही बीज फुटायच्या सुमारास, कारण तेव्हा पोकळीतलं पाणी दिसायची शक्यता जास्त. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून हे लिहून घ्या : सिझरच्या व्रणाजागी खाच आहे का, ती किती मिलिमीटर खोल आहे, तिच्या बाहेर पिशवीचा स्नायू किती मिलिमीटर उरलाय आणि पोकळीत पाणी आहे का. चिठ्ठीवर विचारलं नसेल तर रिपोर्टात ‘गर्भाशय नॉर्मल’ एवढंच येतं.

खाच सापडली म्हणजे लगेच ऑपरेशन, असं मात्र नाही. सिझर झालेल्या अनेक जणींना ती असते आणि दिवसही राहतात. पोकळीत पाणी साठतंय आणि दुसरं कारण सापडत नाही, असं असेल तरच दुरुस्तीचा विचार करतात. उरलेला स्नायू तीन मिलिमीटरहून जाड असेल तर दुर्बिणीने आतून, म्हणजे हिस्टेरोस्कोपीने काम होतं. त्याहून पातळ असेल तर आतून कापताना पिशवीला भोक पडायची आणि पुढ्यातल्या मूत्राशयाला इजा व्हायची भीती असते. मग लॅप्रोस्कोपीने पोटातून शिवतात. अशा शिवणीनंतर काही महिने चान्स घेता येत नाही. तुमच्या वयाला ते महिने किंमतीचे आहेत, म्हणून ऑपरेशनला हो म्हणण्याआधी खालच्या सगळ्या तपासण्या हातात असू द्या.

(ज्या वाचक ताईंचं गर्भपातानंतर क्युरेटिंग झालंय आणि त्यानंतर पाळी चार दिवसांवरून एका दिवसावर आली आहे, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे पिशवीच्या आत भिंती एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. तेही साध्या सोनोग्राफीत नीट दिसत नाही. हिस्टेरोस्कोपीनेच खात्री होते आणि त्याच वेळी सोडवताही येतं.)

मिस्टरांची तपासणी या सगळ्यात सर्वांत स्वस्त, बिनदुखण्याची आणि एका सकाळीत होणारी आहे. तुम्हाला सुई टोचायच्या आधी ती व्हायला हवी. आणि त्यांच्या बाबतीत शंका घ्यायला जागाही आहे. अंडकोष शरीराबाहेर असतात ते उगाच नाही. शुक्राणू नीट तयार व्हायला त्यांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. भट्टीसमोर रोज आठ तास उभं राहणाऱ्याला ते मिळणं अवघड. तंबाखू-गुटखा असेल तर तो वेगळा.

वीर्यतपासणी नीट न दिल्यामुळे चुकीचे रिपोर्ट खूप येतात. आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. सात दिवसांपेक्षा जास्त ‘साठवून’ ठेवलं तर संख्या वाढलेली दिसते, पण हालचाल मंदावते. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरी घेतलात तर लॅबच्याच डबीत, साबण, तेल, थुंकी काहीही न लावता. साधा कंडोम चालत नाही. डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून तासाभरात, जमल्यास अर्ध्या तासात पोचवायची. बर्फ नको, गाडीच्या डिकीतही नको. पहिला थेंब सांडला तर न लाजता सांगा, कारण सर्वांत जास्त शुक्राणू पहिल्या भागातच असतात. गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू, चिकुनगुनिया किंवा कुठलाही मोठा ताप आला असेल तर तेही फॉर्मवर लिहा, तापाने आकडे पडतात. रात्रपाळीच्या आठवड्यात न देता दिवसपाळीच्या आठवड्यात, झोप झाल्यावर द्यावा म्हणजे धावपळ होत नाही.

रिपोर्ट हातात आला की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मापाप्रमाणे किमान आकडे असे : वीर्य १.४ मिलिलीटर, एका मिलिलीटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, पुढे सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. हो, चारच, ‘९६ टक्के खराब’ असं वाचून घाबरू नका. आकडे कमी आले तर अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आणि त्या मधल्या काळात युरॉलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्टला (पुरुषांच्या वंध्यत्वाच्या डॉक्टरला) दाखवायचं. अंडकोषाच्या शिरा फुगल्या असतील तर ते हाताने तपासूनच कळतं. तोवर तंबाखू बंद, ढिली सुती चड्डी, आणि शक्य असेल तर सुपरवायझरकडून तीन महिन्यांसाठी भट्टीपासून लांबचं काम मागून घ्यायचं. ‘ताकदीची’ इंजेक्शनं कुणी सुचवली तर नको म्हणा. त्यांत टेस्टोस्टेरॉन असेल तर शुक्राणू वाढायच्या ऐवजी पार शून्यावर येऊ शकतात.

मिस्टर ऐकत नसतील तर ‘तुमच्यात दोष आहे का बघू’ असं म्हणू नका. ‘माझी नळीची तपासणी दुखते आणि पैसे जातात, ती करण्याआधी डॉक्टर तुमचा कागद मागतायत’ असं म्हणा. यातलं एकही अक्षर खोटं नाही.

तुमच्या तपासण्या पाळीच्या दिवसांवर बांधलेल्या असतात, आणि गडबड होते ती इथेच. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तातले एफएसएच आणि एस्ट्राडायोल हे हार्मोन. एएमएच, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन कुठल्याही दिवशी चालतात; प्रोलॅक्टिन सकाळी, उठून दोन-तीन तासांनी दिलेलं बरं. एएमएच कमी आलं तर धीर सोडू नका. बीजं किती उरली आहेत याचा तो अंदाज असतो. या महिन्यात आपोआप दिवस राहतील की नाही हे त्यावरून सांगता येत नाही. पण कमी आलं तर पुढचे निर्णय लवकर घ्यायचे. बीज फुटलं का हे पाहायचं प्रोजेस्टेरॉन बहुतेक ठिकाणी ‘एकविसाव्या दिवशी’ सांगतात. ते २८ दिवसांच्या पाळीसाठी. पुढची पाळी यायच्या सात दिवस आधी ते करायचं असतं, म्हणजे तुमच्यासाठी २३ ते २५वा दिवस. एकविसाव्याला केलंत तर उगाच कमी येईल आणि परत गोळ्या सुरू होतील. आकडा ३ नॅनोग्रॅमच्या वर आला की बीज फुटलं असं धरतात.

नळ्यांसाठी एचएसजीचा, म्हणजे पिशवीत औषध सोडून काढलेला एक्स-रे. तो रक्तस्राव थांबल्यावर आणि बीज फुटायच्या आधी करतात. तुमचे डाग आठव्या दिवसापर्यंत लागतात, म्हणून नववा ते अकरावा दिवस धरा. डाग त्याहून लांबले तर आदल्या दिवशी फोन करून विचारा. पाळी आल्यापासून एक्स-रे होईपर्यंत संबंध नकोत. तासभर आधी डॉक्टरांनी सांगितलेली दुखण्याची गोळी घ्या आणि सोबत कुणीतरी असू द्या. रिपोर्टात दोन्ही नळ्या पिशवीच्या तोंडाशीच बंद दिसल्या, तर लगेच टेस्ट ट्यूबकडे धावू नका. औषध सोडताना नळी आवळली जाते आणि उघडी नळीही बंद दिसते. एकदा दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्या. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयही असतो. पण क्षयाची फक्त पीसीआर तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून सहा महिन्यांचं औषध सुरू करायला सांगितलं, तर आधी कल्चर किंवा पिशवीच्या अस्तराच्या तुकड्याचा रिपोर्ट मागा.

संबंधांबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. घर लहान असेल, सात वर्षांची मुलगी मध्ये झोपत असेल, त्यात आठवड्याआड रात्रपाळी. कित्येक जोडप्यांत ‘दोन वर्षं प्रयत्न’ म्हणजे प्रत्यक्षात योग्य दिवशी मोजून सहा-सात वेळा असतं. दिवस राहायची शक्यता बीज फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि फुटण्याचा दिवस एवढीच असते. तुमचं बीज १६ ते १८व्या दिवसाच्या आसपास फुटत असावं. म्हणून ११व्या ते १९व्या दिवसापर्यंत एक दिवसाआड, एवढं ठरवलं की पुरे. रात्रपाळी असेल तर सकाळी मुलगी शाळेत गेल्यावरची वेळ. बीज फुटायची चाहूल देणारी लघवीची एलएच पट्टी वापरायची असेल तर बाराव्या दिवसापासून रोज दुपारी. पहिली सकाळची लघवी नको, आणि आधी दोन तास पाणी कमी प्या. टेस्टची रेघ कंट्रोलच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संबंध ठेवा. फिकट रेघ म्हणजे ‘थोडंसं आहे’ असं नाही, तो नकारच. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम आतापासूनच सुरू ठेवा. मधुमेह किंवा फिट्सची औषधं असतील तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टर ठरवतील.

हे सगळं दोन पाळ्यांत उरकतं. सगळं ठीक आलं किंवा थोडंच कमी आलं तर सोनोग्राफीवर फॉलिकल मोजत आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीने थेट पिशवीत सोडणं. फॉलिकल १८-२० मिलिमीटर झालं की बीज फुटायचं इंजेक्शन आणि साधारण ३६ तासांनी धुतलेले शुक्राणू आत सोडतात. तुमच्या वयाला एका वेळची शक्यता शंभरात दहाच्या आसपास असते, त्यामुळे पहिल्यांदा नाही झालं तर ‘फेल गेलं’ म्हणायचं कारण नाही. पण तीन, फार तर चार वेळा. त्यापुढे आययूआय करत राहण्यापेक्षा टेस्ट ट्यूबचं बोलणं करा. धुतल्यावर हलणारे शुक्राणू दहा लाखांच्या खाली असतील तर आययूआयवर पैसे घालूच नका. दर वेळी तो आकडा विचारून लिहून ठेवा, बरेच जण सांगत नाहीत. इंजेक्शन घेतल्यावर चौदा दिवसांच्या आत घरी टेस्ट करू नका. इंजेक्शनचंच हार्मोन पट्टीवर दिसतं आणि खोटा आनंद होतो. दवाखाना निवडताना एआरटी (टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांच्या) कायद्याखालची नोंदणी भिंतीवर लावलेली आहे का बघा, आणि दर लेखी घ्या : औषधं धरून की सोडून, गर्भ गोठवण्याचे वेगळे का.

सरोगसी तुम्हाला कायद्याने करता येणार नाही. २०२१च्या सरोगसी कायद्यात जोडप्याला हयात मूल नसावं अशी अट आहे. मूल अपंग किंवा जिवावरच्या आजाराचं असेल तरच सवलत. कुणी ‘करून देतो’ म्हणालं तर तिथून उठा. दत्तक मात्र घेता येतं. एक मूल असलं तरी चालतं आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी दोघांच्या वयाची बेरीज ८५च्या आत हवी. तुमची ७६ आहे. नोंदणी ‘कारा’ या दत्तकविधानाच्या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर होते, पण रांग काही वर्षांची असते, त्यामुळे मनात असेल तर चर्चा आत्ताच घरी काढा. आणि सासूबाईंच्या मुलग्याबद्दल : गर्भधारणेआधी किंवा नंतर लिंग निवडणं पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे, टेस्ट ट्यूबमध्येही. मुलगा होण्याची म्हणून मिळणारी पुडी घेऊ नका. तिच्यात काय असतं ते देणाराही सांगत नाही आणि इलाज चालू असताना ती पोटात जायला नको.

राहिलं रडण्याचं. एक असताना दुसरं हवं वाटणं यात हावरटपणा नाही, आणि मुलीवरचं प्रेम त्याने कमी होत नाही. तुम्हाला दर महिन्याला नकार पचवायचा आहे आणि तोही गुपचूप, कारण मूल नसलेल्या बाईला लोक निदान विचारतात तरी. डोहाळजेवणाला सगळा दिवस बसायची सक्ती नाही. ओटी भरायच्या वेळी जा, भरा, मुलीच्या अभ्यासाचं निमित्त करून निघा. जावेला आधी एकटीला सांगितलंत तर उत्तम : ‘तुझ्यासाठी आनंदच आहे, पण माझं चालू आहे त्यामुळे मध्येच उठले तर मनाला लावून घेऊ नकोस.’ सासूबाईंना मिस्टरांनी सांगायचं, तुम्ही नाही : ‘दोघांचे इलाज चालू आहेत, सांगण्यासारखं झालं की पहिल्यांदा तुलाच सांगू.’ मुलीने भाऊ-बहीण मागितलं तर ‘देवबाप्पा देईल’ म्हणून सोडू नका, ती रोज विचारत बसेल. ‘आम्हालाही हवंय, पण मागितलं की बाळ येतंच असं नाही, आणि त्यात तुझं काही चुकलं नाही’ इतकं सात वर्षांच्या मुलीला कळतं. दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, मुलीवर विनाकारण हात उगारला जात असेल, तर वंध्यत्वाच्या डॉक्टरांनाच समुपदेशकाचं नाव विचारा. मानसिक आधारासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलतात.

पहिल्या भेटीला बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. सिझर का केलं, नंतर ताप किंवा टाक्यांत पू झाला होता का, हे त्यावर असतं. आणि दिवस राहिले, तर आनंदात एक गोष्ट विसरायची नाही. सिझर झालेल्या बाईने सहाव्या आठवड्यात योनीमार्गे सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत वर रुजलाय की जुन्या व्रणाच्या जागी, हे पाहूनच घ्यायचं. व्रणात रुजलेला गर्भ जिवावर बेततो आणि तो लवकर सापडला तरच सोपा असतो. टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी या सोनोग्राफीची तारीख घ्या. मध्ये पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली किंवा लाल रक्त गेलं तर तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.